रात्रपाळीच्या डॉक्टरांनो, ‘केमो चालू आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका

प्रति,
तातडीच्या विभागात रात्रपाळी करणारे सर्व डॉक्टर

स.न.वि.वि.

रात्री पावणेतीनला मला तुमच्या दारात आणलं तेव्हा बोटाला लावलेल्या यंत्रावर ८४ हा आकडा होता. ऑक्सिजनचा मास्क चढवता चढवता तुमच्यातल्या एकाने विचारलं, “काका, कॅन्सरचे पेशंट ना? केमो चालू आहे का?” मी मानेनेच नाही म्हटलं. “कधी संपली?” मी तीन बोटं वर केली. बायकोने पुरं केलं, “तीन महिने झाले.”

यात कुणीही खोटं बोललं नव्हतं. माझ्या केमोच्या चार सायकल खरोखरच तीन महिन्यांपूर्वी संपल्या होत्या. तुम्ही केसपेपरवर लिहिलंत: फुफ्फुसाचा कर्करोग, केमो पूर्ण, ताप, दम, दोन्ही बाजूंना न्यूमोनिया. एक्स-रे तसाच दिसत होता. अँटिबायोटिक सुरू झालं. मग दुसरं, त्याहून जबर. दोन दिवस आणि दोन रात्री मी खालावत गेलो. तिसऱ्या रात्री ड्यूटीवर आलेल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी तोच कागद वाचला आणि वेगळा प्रश्न विचारला. “काका, केमो संपल्यावर सलाईनमधून अजून काही देत होते का? दर तीन आठवड्यांनी वगैरे?”

देत होते. पेम्ब्रोलिझुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध, २०० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. आठवा डोस तर भरती व्हायच्या पाचच दिवस आधी झाला होता.

मी नोकरीची सगळी वर्षं कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम केलं. तिथली एक गोष्ट सांगतो, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. फिरत्या यंत्राचं झाकण उघडलं की यंत्र आपोआप बंद पडावं म्हणून एक स्विच असतो. त्याला इंटरलॉक म्हणतात. कधी कधी कामासाठी तो मुद्दाम निकामी करावा लागतो. त्याला आम्ही बायपास म्हणायचो. बायपास करायला बंदी नव्हती, पण केला की यंत्रावर लाल पाटी टांगायची आणि शिफ्टच्या वहीत नोंद करायची, यात माफी नव्हती. कारण ज्याने बायपास केला तो शिफ्ट संपली की घरी जातो. हात जातो तो पुढच्या शिफ्टवाल्याचा.

माझ्या शरीरातला एक इंटरलॉक बायपास केलेला होता, आणि पाटी कुठेच नव्हती.

तुम्हाला शिकवायची माझी पात्रता नाही. पण चौथ्या अवस्थेचा पेशंट म्हणून दीड वर्षात जे वाचलं आणि विचारून घेतलं, ते माझ्या भाषेत मांडतो. चुकलं तर दुरुस्त करा. आपल्या टी-पेशींवर, म्हणजे रक्तातल्या लढाऊ पेशींवर, पीडी-१ नावाचं एक बटण असतं. ते दाबलं गेलं की पेशी मागे हटते. हे बटण शरीराने स्वतःच्या संरक्षणासाठी ठेवलेलं आहे, आपल्याच फुफ्फुसावर, आतड्यावर, हृदयावर आपलंच सैन्य चालून जाऊ नये म्हणून. कर्करोगाच्या पेशी लबाड. त्या तेच बटण दाबून धरतात आणि सुटतात. पेम्ब्रोलिझुमॅबसारखं नवं औषध त्या बटणावर टोपण घालतं. आता कर्करोगाला ते दाबता येत नाही. पण मग फुफ्फुसालाही दाबता येत नाही, आतड्यालाही नाही.

तेव्हा हे दुष्परिणाम म्हणजे औषधातली भेसळ नव्हे, की अपघातही नव्हे. औषध जे करतं तेच ते नको त्या जागी करतं. तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ शोधलं, आणि त्याच गटाने पुढे हे बटण नसलेले उंदीर तयार केले. एका जातीच्या उंदरांना वय वाढेल तसा सांध्यांचा आणि मूत्रपिंडाचा, ल्युपससारखा आजार झाला. हे १९९९ मध्ये छापून आलं. दुसऱ्या जातीच्या उंदरांचं हृदय फुगून निकामी झालं. ते २००१ मध्ये. म्हणजे माणसाच्या फुफ्फुसाच्या कर्करोगात हे औषध मान्य झालं २०१५ साली, आणि त्याने काय बिघडू शकतं याची चुणूक चौदा वर्षं आधीच दिसली होती. होंजो आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते योग्यच मिळालं. त्यांच्या कामामुळेच मी हे पत्र लिहायला जिवंत आहे. त्याच कामामुळे मी मरणाच्या दारातही गेलो. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि मला दोन्ही एकदम सांगायची आहेत.

आता माझी चूक, कारण दोष नुसता तुमच्या केसपेपरवर टाकला तर तो अर्धवट हिशोब होईल.

कोरडा खोकला मला सातव्या डोसनंतर साधारण दहाव्या दिवशी सुरू झाला. कफ नाही, ताप नाही, नुसती ठसक. मग जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागायला लागलं. मी थांबायचो आणि वरच्या दाराच्या बिजागरीकडे बघत असल्याचं नाटक करायचो, बायकोला कळू नये म्हणून. हे सगळं मी कुणालाही सांगितलं नाही. आठव्या डोसच्या दिवशी नर्सताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, “काही त्रास?” मी म्हटलं, “छे, एकदम ठणठणीत.” आणि हात पुढे केला.

का? कारण मला पक्कं ठाऊक होतं की खोकला सांगितला तर औषध थांबवतील. दोन महिन्यांपूर्वीच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्यावर आली होती. चौथ्या अवस्थेतल्या माणसाच्या हातातून असं औषध काढून घ्यायचं म्हणजे काय, हे तुम्हाला बाहेरून कळणं अवघड आहे. आम्ही लपवतो, डॉक्टर. मी एकटाच नाही, सलाईनच्या खोलीत शेजारच्या खुर्च्यांवर बसणारे बहुतेक जण थोडंफार लपवतात. जुलाब चारचे दोन होतात, थकवा “वयाचा” होतो. मला कुणीतरी आधी हे सांगायला हवं होतं की दुष्परिणामामुळे औषध थांबवलं तरी त्याचा परिणाम लगेच पुसला जात नाही, ज्यांना थांबवावं लागलं त्यांच्यातल्याही अनेकांची गाठ पुढे महिनोन् महिने, काहींची वर्षानुवर्षं ताब्यात राहते. आणि हेही, की खोकला सुरुवातीलाच पकडला तर कधी कधी डोस नुसता पुढे ढकलून भागतं. मी लपवला, म्हणून डोस कायमचा बंद झाला. लपवून मी नेमकं तेच ओढवून घेतलं ज्याची मला भीती होती.

दुसरी गोष्ट भाषेची आहे, आणि तिचा माझ्या मते फार कमी विचार होतो. आमच्या घरी या औषधाचं नाव काय होतं माहीत आहे? “प्रतिकारशक्ती वाढवायचं इंजेक्शन.” समुपदेशनाच्या वेळी कुणीतरी समजावून सांगायला हा शब्दप्रयोग केला आणि तो चिकटला. आता मला सांगा, प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोष्टीला कोण घाबरेल? ते टॉनिक वाटतं. तुम्ही रात्री विचारता, “कसली औषधं चालू आहेत?” नातेवाईक रक्तदाबाची गोळी सांगतात, पित्ताची सांगतात, टॉनिक कोण सांगतं? केमो मात्र सगळ्यांना ठाऊक, कारण केस जातात. माझे केस परत यायला लागले होते. घरच्यांच्या आणि तुमच्या, दोघांच्याही हिशोबाने मी उपचार संपलेला माणूस होतो.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती एवढीच आहे. कर्करोगाचा पेशंट आला की केमोचं विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: “इम्युनोथेरपी घेता का, किंवा पूर्वी कधी घेतली होती का?” शब्द कळला नाही असं तोंडावरून दिसलं तर, “केमो संपल्यावरही ठरावीक आठवड्यांनी सलाईनमधून काही जात होतं का?” आणि फाइल मागा. नावाच्या शेवटी ‘मॅब’ दिसलं की थबका: पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब, अ‍ॅटेझोलिझुमॅब, डुर्व्हालुमॅब, इपिलिमुमॅब. (सगळे मॅब या घराण्यातले नसतात, बेव्हॅसिझुमॅबचं काम वेगळं आहे, हे मला कळतं. पण थबकायला काय जातं?)

“पूर्वी कधी” हे दोन शब्द गाळू नका. औषध शरीरातून जायला महिने लागतात आणि बटणावरचं टोपण त्याहूनही जास्त रेंगाळतं. बऱ्याच जणांना त्रास पहिल्या तीन-चार महिन्यांत होतो, पण शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनी, क्वचित वर्षानंतरही, तो उगवल्याच्या नोंदी आहेत. दोन वर्षांचा कोर्स पुरा करून, पेढे वाटून मोकळा झालेला माणूसही या यादीत येतो.

प्रमाण किती? मी तुम्हाला घाबरवणार नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगात एकटं पीडी-१ रोधक औषध दिलं तर फुफ्फुसदाह, ज्याला न्यूमोनायटिस म्हणतात, तो चाचण्यांमध्ये साधारण ३ ते ५ टक्के लोकांना झालेला दिसतो. चाचण्यांबाहेरच्या, वयाने मोठ्या आणि आधीच फुफ्फुसं खराब असलेल्या रुग्णांत त्याहून जास्त. मी तीस वर्षं सिगारेट ओढली, तेव्हा माझी फुफ्फुसं कुठल्या गटात येतात ते सांगायला नको. जीव जाण्याचं प्रमाण एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात पीडी-१ रोधकांसाठी ०.३६ टक्के निघालं, आणि सीटीएलए-४ (टी-पेशींवरचं तसंच दुसरं बटण) रोधकाची जोड दिली तर १.२३ टक्के. हे आकडे लहान आहेत, केमोच्या तुलनेत तर फार वाईट नाहीतच. पण त्याच अहवालात दोन गोष्टी अशा आहेत की त्या तुमच्या विभागाच्या भिंतीवर लावाव्यात. एक, पीडी-१ रोधकांमुळे दगावलेल्यांत सर्वांत मोठा वाटा फुफ्फुसदाहाचा होता, सुमारे ३५ टक्के. दुसरी, हृदयाच्या स्नायूला सूज आलेल्या १३१ जणांपैकी ५२ जण दगावले. क्वचित होतं, पण झालं तर दर पाचातले दोन जातात.

ते हृदयाचं मी जवळून पाहिलं आहे. माझ्यासोबत खुर्चीवर बसणारे एक गृहस्थ होते, बोलायला गोड, कोड्यांचं पुस्तक घेऊन यायचे. दुसऱ्या डोसनंतर त्यांची डावी पापणी उतरली. दोन-दोन दिसायला लागलं. कोड्याचे चौकोन एकावर एक येतात म्हणून हसले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, चष्म्याचा नंबर तपासला गेला. मग मान जड झाली, मांड्या दुखायला लागल्या, ते चालण्याने झालं असं ठरलं. आठवड्याने छातीत धडधड म्हणून रात्री त्यांना नेलं तेव्हा ईसीजीत हृदयाच्या विजेचा मार्गच अडलेला होता. तिसऱ्या डोसला त्यांची खुर्ची रिकामी होती. पापणी, स्नायू आणि हृदय हे तिन्ही एकाच धाग्यात येतात, हे मला नंतर कळलं. मायस्थेनिया, मायोसायटिस, मायोकार्डायटिस, तीन ‘मायो’. हे बहुतेक वेळा उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांतच होतं. पापणी उतरलेला इम्युनोथेरपीचा पेशंट आला तर डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी लिहिण्याआधी ट्रोपोनिन, सीके (हृदयाला आणि स्नायूंना इजा झाली का ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या) आणि ईसीजी करून घ्या, एवढं मी हात जोडून सांगतो.

आणखी एक बाई होत्या. त्यांना जुलाब. दिवसातून आठ-नऊ वेळा, रात्रीसुद्धा. बाहेरचं काही खाल्लं असेल, म्हणून जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या गेल्या. गोळ्यांनी मोजणी कमी झाली, आतड्याचा दाह चालूच राहिला. शेवटी आतड्याला भोक पडलं आणि ऑपरेशन झालं. त्या वाचल्या, पण पोटावर पिशवी आली. त्यांच्याकडेही कुणी इम्युनोथेरपीचं विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

ग्रंथींचं तर विचारूच नका. माझ्या थायरॉइडने राम म्हटला, तो रक्ततपासणीत सापडला म्हणून बरं. पण पीयूषिका किंवा अ‍ॅड्रिनल बंद पडली तर पेशंट नुसता गळून जातो: भूक नाही, मळमळ, रक्तदाब खाली, सोडियम खाली. आणि चौथ्या अवस्थेच्या माणसाकडे बघून सगळे म्हणतात, कॅन्सर आहे, थकवा येणारच. हे वाक्य मला फार खुपतं. ज्याच्या आजारावर वेळेवर दिलेल्या हायड्रोकॉर्टिसोनने उतार पडतो, त्याला घरी जाऊन शेवटची तयारी करा असं सुचवल्यासारखं होतं. थोडं रक्त कॉर्टिसॉलसाठी, म्हणजे अ‍ॅड्रिनलच्या संप्रेरकासाठी, काढून ठेवायला किती वेळ लागतो? आणि पेशंट कोसळत असेल तर अहवालाची वाट न पाहता औषध द्यायचं असतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. थायरॉइडची गोळी मात्र कॉर्टिसॉल भरून काढल्याशिवाय सुरू करू नये, उलट क्रमाने दिली तर अंगावर येते. हे मला माझ्या कर्करोगतज्ज्ञांनी दोनदा बजावलं. तसंच आधी कधी मधुमेह नसलेल्या माणसाची साखर एकदम पाचशेच्या वर, उलट्या, जोराचा श्वास. तोही इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवरचा हल्ला असू शकतो. तिथे स्टेरॉइडचा उपयोग नाही, इन्शुलिन जन्माचं.

आता तुमची बाजू. ती मला दिसते.

रात्री दोनला तुमच्यासमोर ताप, दम आणि पांढरं झालेलं फुफ्फुस आहे. सगळ्यात आधी जंतुसंसर्गच समोर यायला हवा, आणि कर्करोगाच्या पेशंटला तो होतोही. अशा माणसाला भलं मोठं स्टेरॉइड देणं म्हणजे जंतूंना दार उघडून देणं, ही भीती खरी आहे. मी त्या दोन दिवसांच्या अँटिबायोटिकबद्दल तक्रार करत नाही. तक्रार एवढीच आहे की दुसरी शक्यता कागदावर नव्हती. त्या डॉक्टरबाईंनीही अँटिबायोटिक बंद केलं नाही. त्यांनी सीटी केला, त्यात दोन्ही फुफ्फुसांत काचेवर वाफ साचावी तसे धूसर डाग होते. रक्त आणि थुंकी तपासायला पाठवली, कर्करोगतज्ज्ञांना झोपेतून उठवलं, आणि अँटिबायोटिकच्या जोडीनेच शिरेतून स्टेरॉइड सुरू केलं, वजनाच्या हिशोबाने किलोला दोन मिलिग्रॅम. दोन्ही बाजूंनी एकदम लढायला मार्गदर्शक सूचनांत बंदी नाही. गंभीर प्रकारात, संसर्ग नाही असं सिद्ध होईपर्यंत दोन्ही एकत्र द्यावं, असंच त्यांत म्हटलं आहे. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनांनी, आस्को आणि एस्मो यांनी, या सूचना छापून बरीच वर्षं झाली. पुढच्या आवृत्त्या २०२१ आणि २०२२ मध्ये आल्या. त्या कर्करोगतज्ज्ञांच्या कपाटात आहेत. रात्री दार उघडता तुम्ही.

स्टेरॉइड सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मला बाहेरून द्यावा लागणारा ऑक्सिजन निम्म्यावर आला. कुणी म्हणेल हा योगायोग, अँटिबायोटिकला वेळ लागला असेल. मग ऐका: घरी आल्यावर स्टेरॉइड कमी करायची घाई मीच केली. तोंड सुजलं होतं, झोप उडाली होती, साखर चढली होती. आठवड्याभरात मी स्वतःच्या मनाने गोळ्या निम्म्या केल्या आणि सहाव्या दिवशी खोकला परत आला. वाढवल्या, गेला. पुढे आठ आठवडे लागले उतरायला, दर आठवड्याला थोडं थोडं, शिवाय फुफ्फुसात वेगळीच बुरशी बसू नये म्हणून को-ट्रायमोक्सॅझोल. तेव्हा डिस्चार्ज देताना “पाच दिवस गोळ्या घ्या आणि बंद करा” असं दम्याच्या पेशंटसारखं आम्हाला सांगू नका. आमचा डोस चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त, हळूहळू उतरतो. आणि भरपूर स्टेरॉइड देऊनही दोन दिवसांत फरक नसेल, तर पुढची औषधं ठरलेली आहेत. तिथे वाट बघण्यात शहाणपण नाही.

तुम्ही म्हणाल, कर्करोगतज्ज्ञ रात्री फोन उचलत नाहीत. कबूल. म्हणून पत्राचा हा तुकडा त्यांच्यासाठी. डॉक्टर, बायपास तुम्ही केला आहे. पाटी टांगणं तुमचं काम आहे. पहिल्या डोसच्या आधी माझ्याकडून चार पानी संमतीपत्रावर सह्या घेतल्या गेल्या, त्यात फुफ्फुसदाह हा शब्द होता, मी नंतर शोधला, तिसऱ्या पानावर. ते पान तुमच्या फाइलमध्ये राहिलं. मला खिशात मावेल असा जाड कागदाचा तुकडा हवा होता, त्यावर औषधाचं नाव, पहिल्या आणि शेवटच्या डोसची तारीख, “हे औषध केमो नाही, नवा खोकला, दम, जुलाब, पापणी उतरणं, कमालीची गळाल्याची भावना यांत प्रतिकारशक्तीचा हल्ला धरून तपासा” अशा दोन ओळी आणि रात्री कुणीतरी खरोखर उचलेल असा एक नंबर. अशी कार्डं जगात ठिकठिकाणी दिली जातात. मला पहिलं मिळालं ते आयसीयूतून बाहेर आल्यावर.

तुमच्यासाठी आणखी एक, थोडं आडवाटेचं. गाठीच्या जनुक तपासणीचा अहवाल यायच्या आत घाईने इम्युनोथेरपी सुरू करू नका. घाई आम्हीच करतो, नातेवाईक तर टेबलावर हात आपटतात, मला माहीत आहे. पण अहवालात ईजीएफआर या जनुकातला बदल निघाला की पेशंट त्यावरच्या ओसिमर्टिनिबच्या गोळीवर जातो, आणि शरीरात मागचं औषध अजून बसलेलं असतं. एका केंद्राच्या पाहणीत या क्रमाने औषधं घेतलेल्या ४१ जणांपैकी ६ जणांना गंभीर दुष्परिणाम झाले, त्यातही बदल तीन महिन्यांच्या आत झाला असेल तर धोका जास्त. उलट क्रमाने घेतलेल्या २९ जणांत एकालाही नाही. औषधं तीच. शिफ्टची वही वाचली की नाही, एवढाच फरक.

कुटुंबाच्या डॉक्टरांशी माझं भांडण नाही. मी त्यांच्याकडे गेलोच नव्हतो.

शेवटचं त्या डॉक्टरबाईंसाठी. तुमची शिफ्ट सकाळी आठला संपली, मी आयसीयूत होतो, नंतर भेट झाली नाही आणि तुमचं नाव मी विचारलं नाही याची लाज वाटते. शिफ्टच्या वहीत पुढे काय झालं ते लिहायची पद्धत असते, म्हणून लिहितो. पेम्ब्रोलिझुमॅब कायमचं बंद. स्टेरॉइड आठ आठवड्यांत शून्यावर. थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, ७५ मायक्रोग्रॅम. आठव्या डोसनंतर कर्करोगाचं कुठलंही औषध नाही, अकरा महिने झाले. परवाच्या सीटीत गाठ आहे तेवढीच आहे, डाव्या बाजूला खाली जुन्या दाहाचा थोडा व्रण आहे. ऑक्सिजन ९६. जिना चढताना वळणावर अजून थांबतो, पण आता बायकोला सांगून थांबतो.

कार्ड पाकिटात, डाव्या कप्प्यात आहे.

आपला,
एक पेशंट
(देखभाल विभाग, निवृत्त)